आंगमा जीव नही

रक्ताच्या तपासणीला येणारी माणसे आपल्या दुखण्याला कोणते नाव देतात, याकडे माझे लक्ष आपोआप जाते. शहाद्यातल्या एका लॅबमध्ये मी रक्त-लघवी तपासण्याचे काम करते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते मला दिसतेच, पण सुई टोचण्याआधी माणसाला थोडे बोलते करावे लागते, म्हणजे त्याचा हात सैल पडतो आणि शीर नीट सापडते. त्या बोलण्यात चिठ्ठीवर नसलेले पुष्कळ काही बाहेर येते. ताप, खोकला, पोटदुखी या तक्रारी लोक सरळ सांगतात. ज्यांच्या अंगातले बळच ओसरलेले असते त्यांची, विशेषतः बायकांची, भाषा मात्र वेगळी असते. त्या तक्रार करीत नाहीत, कबुली देतात. ‘आळस फार भरलाय हो ताई’, ‘हल्ली मी कामात अंग चोरते’, ‘उठायचं म्हटलं की जिवावर येतं, माझीच खोड आहे ती’. शरीराचे लक्षण स्वतःचा अपराध म्हणून सांगण्याची ही रीत मला फार अस्वस्थ करते, आणि म्हणूनच या शब्दांविषयी लिहावे असे अनेक दिवस मनात होते.

न उठण्याच्या, न हलण्याच्या अवस्थांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. थकवा केलेल्या कामाचा असतो. शीण प्रवासाचा किंवा जागरणाचा असतो आणि एका चांगल्या झोपेने तो उतरतो. सुस्ती जेवणानंतरची, पेंग बसल्या जागची, झापड डोळ्यांवरची. अशक्तपणा तापातून उठलेल्या माणसाचा. कंटाळा कशाचा तरी यावा लागतो, आणि तो वाढला की त्याचा वीट होतो, उबग होतो. मरगळीला मात्र असे काही निमित्त लागत नाही, ती माणसाला येते, बाजाराला येते आणि पावसाने ओढ दिली की अख्ख्या गावावर पसरते. खंगणे हा शब्द मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण माणूस खंगत चालला आहे हे परगावच्या पाहुण्याला एका नजरेत दिसते आणि रोज बरोबर राहणाऱ्यांना दिसत नाही. शिवाय उमेद खचते, अवसान गळते, अंगात त्राण उरत नाही, हातापायांतले बळ जाते.

माझे माहेर अमळनेरकडचे, त्यामुळे अहिराणी कानावर पडली की माझे मन अधिक सावध होते. आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. आळशी माणूस ‘आयशी’ होतो आणि कंटाळलेला माणूस ‘कटायी गऊ’ म्हणतो. याच बोलीत ‘हातपाय गयी गयात’, ‘आंगमा जीव नही’, ‘उठनं जीववर येस’ असेही बोलतात. या दोन तऱ्हांमध्ये जो फरक आहे तो मला महत्त्वाचा वाटतो. हातपाय गळतात, जीव राहत नाही, बळ जाते, या बोलण्यात शरीराला काहीतरी झालेले असते आणि ते कोणाचे पाप नसते. आळशी, कामचुकार, अंगचोर, ऐतखाऊ, रिकामटेकडा, निकम्मा हे शब्द मात्र अवस्थेचे वर्णन करीत नाहीत, माणसाचा निकाल लावतात. पहिल्या तऱ्हेने माणूस स्वतःविषयी बोलतो, दुसऱ्या तऱ्हेने इतर लोक त्याच्याविषयी बोलतात. इतरांचा शब्द माणूस स्वतःसाठी वापरू लागला, की त्याच्या दुखण्याची खबर घरातच अडते. दवाखान्यापर्यंत ती पोहोचत नाही, कारण आळसावर औषध मागायला कोणी दवाखान्यात जात नाही.

म्हणीसुद्धा निकालाच्या बाजूने आहेत. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’, ‘आळशाला दुप्पट काम’, ‘आळशाला गंगा दूर’. अशक्त माणसाची बाजू घेणारी म्हण मी पुष्कळ आठवून पाहिली, ती सापडत नाही. आणि बाईच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. घरासाठी झिजणे हा तिचा गुण मानला जातो, चंदनाची उपमा दिली जाते. पण झिजताना मध्येच ‘मी थकले’ म्हणण्याची मुभा त्या उपमेत नाही.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात या बाबतीत मोठी सावध दृष्टी आहे, हे मला उशिरा कळले आणि कळल्यावर फार बरे वाटले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आळसाची व्याख्या दिली आहे. तिची शेवटची ओळ अशी: ‘शक्तस्य चाप्यनुत्साहः कर्मस्वालस्यमुच्यते’. जो शक्त आहे, ज्याच्या अंगी बळ आहे, त्याला कामाचा उत्साह नसणे म्हणजे आळस. या ओळीचा पहिलाच शब्द ‘शक्तस्य’ आहे. बळ असण्याची अट आधी पूर्ण झाली पाहिजे, त्यानंतरच आळस हा शब्द लावता येतो. त्याच अध्यायात क्लम नावाची निराळी अवस्था सांगितली आहे: श्रम केलेले नसताना शरीरात वाढणारा, धाप न लागता येणारा थकवा, जो इंद्रियांना त्यांच्या विषयांकडे जाऊ देत नाही. म्हणजे काम न करताही माणूस खरोखर थकलेला असू शकतो, हे त्या वैद्यांनी मान्य केले होते आणि त्याला आळसापासून वेगळे नाव दिले होते. आमच्या घरांत अजून ते वेगळे झालेले नाही.

शक्त कोण हे ठरवण्याचे एक साधन रोज माझ्या हातात असते. मी हे काम शिकले तेव्हा हिमोग्लोबिन साहलीच्या नळीवर मोजत असत. नळीत खालच्या खुणेपर्यंत पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे, बोटातून बारीक पिपेटने ओढलेले 20 मायक्रोलिटर रक्त त्यात सोडायचे, ते तपकिरी होईपर्यंत दहा मिनिटे थांबायचे आणि मग ऊर्ध्वपातित पाणी थेंबाथेंबाने घालत काचकांडीने ढवळत राहायचे. नळीच्या दोन्ही बाजूंना पक्क्या तपकिरी रंगाच्या काचा असतात. नळीतला रंग त्या काचांशी जुळला, की पाणी ज्या आकड्याला टेकले असेल तो आकडा वहीत लिहायचा. चांगल्या रक्ताला पाणी लागत राहते, बाराच्या पुढे गेले तरी रंग टिकून असतो. रक्त कमी असलेल्या बाईची नळी हातात घेतली, की थोडे थेंब पडतात न पडतात तोच रंग काचेच्या बरोबरीला येतो आणि हात थांबवावा लागतो. आता यंत्र मिनिटभरात छापील कागद देते. पण साहा-साडेसाहावर हात थांबवावा लागण्याचा तो अनुभव मी विसरलेले नाही.

आकड्याचा अर्थ सरळ आहे. 1 ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीला 100 मिलिलिटर रक्तात निदान 12 ग्रॅम हिमोग्लोबिन असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या बाईचे ते 6 आहे, तिच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता निम्मी झालेली असते. निम्म्या ऑक्सिजनवर ती पहाटे उठते, पाणी भरते, भाकरी थापते, कापूस वेचायला जाते, संध्याकाळी पुन्हा चूल पेटवते. तिचे हृदय ही तूट भरून काढण्यासाठी दिवसभर जोराने धावत असते. अशा बाईने दुपारी भिंतीला पाठ टेकली तर तिला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणाला कुठून मिळतो? आणि अशा बायका थोड्या नाहीत. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या महिलांपैकी 54 टक्क्यांहून अधिक महिलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले.

एकदा एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. खुर्चीवर सून बसली होती, बोलत सासू होती. ‘ताई, हिले काही दुखनं नही, नुसती आयशी शे. सकायमा उठनं हिना जीववर येस.’ सून खाली मान घालून बसली होती. तिच्या पापणीची आतली बाजू मी पाहिली, तिथे तांबडा रंग जवळजवळ नव्हता. नखे मध्ये खोलगट झाली होती. कच्चे तांदूळ खातेस का, असे विचारल्यावर ती दचकली, कारण ही गोष्ट तिने लपवून ठेवलेली होती. लोहाची कमतरता असलेल्या पुष्कळ बायकांना तांदूळ, माती, राख अशा गोष्टी खाव्याशा वाटतात, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. मग ती एवढेच बोलली, ‘जिना चढी गऊ का दम लागस.’ यंत्राचा कागद आला, आकडा 6.2 होता. मी त्या आकड्याचा अर्थ सासूला समजावून सांगितला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग दंडावरचे लुगडे सारून तिने हात पुढे केला. ‘मनंबी रगत देखी ल्या.’ तिचे हिमोग्लोबिन 7.8 निघाले. तिलाही तिच्या सासरी सगळे आयशीच म्हणत असत, हे तिने त्यानंतर सांगितले, तेही कोणावर राग न धरता, सहज बोलावे तसे. त्या दोघी लोहाच्या गोळ्या घेऊ लागल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायला आल्या तेव्हा सासूने त्या शब्दाचा उच्चार केला नाही.

हल्ली ‘वीकनेस’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला आहे, आणि त्याचा एक उपयोग मी नाकारणार नाही. वीकनेस म्हटले की दोष लागत नाही, माणूस दवाखान्यात जाऊ शकतो. पण त्या शब्दाबरोबर सलाईनची बाटलीही आली. ‘कमजोरी वाटते, एक बाटली लावून द्या’ ही मागणी आमच्या भागात फार ऐकू येते. ग्लुकोजच्या 5 टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. तिने ना लोह मिळते, ना दुखण्याचे कारण कळते. रोजंदारीचे पैसे मात्र जातात.

आळस म्हणून हिणवलेली गोष्ट पुढे आजार ठरली, याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतले आहे. तिथल्या गरीब, अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांना बाकीचा देश आळशी समजत असे. चार्ल्स स्टाइल्स या संशोधकाने 1902 मध्ये दाखवून दिले, की त्यांच्यापैकी असंख्य लोकांच्या आतड्यांत अंकुशकृमी आहेत. ओल्या मातीतली या कृमींची पिल्ले अनवाणी तळव्याच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून घशावाटे आतड्यात पोहोचतात, आणि आतड्याला चिकटून रोज थोडे थोडे रक्त पीत राहतात. वृत्तपत्रांनी त्यांना ‘आळसाचे जंतू’ असे नाव दिले. 1909 मध्ये रॉकफेलर यांनी 10 लाख डॉलर देऊन मोहीम उभी केली, तेव्हा शाळकरी मुलांपैकी सुमारे 40 टक्के मुलांना ही बाधा असल्याचे आढळले. त्या काळचे औषध थायमॉल होते, आपल्या ओव्यात असते तेच. ज्या माणसांच्या स्वभावाविषयी, वंशाविषयी पानेच्या पाने लिहिली गेली होती, त्यांना औषधाचे काही डोस आणि पायांत जोडे हवे होते. आपल्याकडेही अंकुशकृमी आहेत. 2015 पासून दर 10 फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी देतात ती त्यांच्यासाठीही असते. मुलांना ती गोळी चुकवू देऊ नये, असे मी प्रत्येक आईला सांगते.

आमच्या खान्देशात ऊन हाही या विषयाचा एक भाग आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा दुपारची बारा ते चार ही वेळ कामाची नसते. शरीर अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे वळवते, स्नायूंच्या वाट्याला ते कमी येते, घामावाटे पाणी आणि मीठ जाते, आणि हृदयाला दुहेरी काम पडते. अशा वेळी अंग जड होणे हे शरीराने घातलेले कुंपण असते. म्हणून आमच्याकडे पहाटे शेतात जातात आणि दुपारी लिंबाखाली पडतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरवून वर्षभरासाठी बांधल्या गेलेल्या सालदाराला ही दुपार मिळावी की नाही, हे मात्र मालकाच्या मर्जीवर राहिले, आणि दुपारी आडवा झालेल्या सालदाराला अंगचोर म्हणणारी तोंडे मी लहानपणापासून ऐकली आहेत. तोच मालक त्याच वेळी घरात वामकुक्षी घेत असे, आणि तिला वामकुक्षी हाच शब्द होता.

आता ज्या ठिकाणी माझे यंत्र अपुरे पडते त्याविषयी लिहायला हवे, कारण तिथेच सर्वांत जास्त अन्याय होतो. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, साखर ठीक, बी-12 ठीक, असा कागद घेऊन एखादा बाप माझ्यासमोर उभा राहतो. मुलगा पुण्याहून परतलेला असतो, स्पर्धा परीक्षांत वर्षे गेलेली असतात, घरी आल्यापासून तो खोलीबाहेर पडत नाही. ‘रिपोर्टमा काहीच नही निंघनं ताई, मंग हाऊ नाटकंच करी ऱ्हायना ना?’ असा प्रश्न मला विचारला जातो. जो कागद मी छापला, तो कागदच त्या मुलाविरुद्धचा पुरावा होतो. मी त्या बापाला सांगते, की या नळीत जे मोजता येते तेवढे ठीक आहे, एवढाच या कागदाचा अर्थ आहे. मग एक प्रश्न विचारते: आळशी माणसाला आराम आवडतो, गप्पा आवडतात, खाणे-पिणे आवडते, तुमच्या मुलाला आता काय आवडते? बहुतेक वेळा बाप विचारात पडतो. क्रिकेट बघत नाही, मित्रांचे फोन घेत नाही, भरीत-भाकरी समोर आली तरी ताट तसेच राहते.

हा प्रश्न मला सुश्रुताच्याच श्लोकाने दिला. आळसाच्या व्याख्येचा आरंभ सुखाच्या आसक्तीपासून होतो. सुखाची ओढ, कष्टाचा तिटकारा, आणि बळ असूनही अनुत्साह, अशी ती व्याख्या आहे. ज्याला कशातच सुख उरलेले नाही तो या व्याख्येत बसतच नाही. योगसूत्रांतही चित्ताला विचलित करणाऱ्या अडथळ्यांच्या यादीत आलस्य आणि स्त्यान हे दोन वेगळे सांगितले आहेत, आणि व्यासभाष्य स्त्यानाचा अर्थ चित्ताची अकर्मण्यता असा देते: तिथे चित्तच कामाला उभे राहत नाही. आजचे मानसोपचारतज्ज्ञ दोन आठवडे किंवा अधिक काळ टिकलेली उदासी, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, सतत थकवा, अशी लक्षणे मिळून नैराश्याचा आजार ओळखतात. त्याच्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. मी त्या बापाला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायला सांगते आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक कागदाच्या मागे लिहून देते. काही जण जातात. काही जण कागदाची घडी करून खिशात ठेवतात आणि पुन्हा दिसत नाहीत, त्यांची काळजी मनात राहते.

आळस नावाची गोष्ट जगात नाही, असे माझे म्हणणे नाही. बळ असून काम टाळणारी माणसे असतात, आणि त्यांच्या वाटचे काम ज्यांच्यावर पडते ती माणसे पुष्कळदा अशक्तच असतात. माझा आग्रह ‘शक्तस्य’ या एका अटीपुरता आहे.

ती अट सर्वांत जास्त मोडली जाते ती सातपुड्यातल्या मुलांच्या बाबतीत. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची पेशी 10 ते 20 दिवसांत फुटते, त्यामुळे रक्त कायमचे कमी राहते. अंगात पाणी कमी पडले, थंडी वाजली, फार दमछाक झाली, की पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे असह्य दुखतात. या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले आणि तपासण्या वाढल्या, हे चांगले झाले. पण वसतिगृहात राहणारे मूल वर्गात पेंगते, कवायतीत मागे राहते, थंडीच्या सकाळी अंथरूण सोडत नाही, तेव्हा पहिला शेरा अजूनही ‘सुस्त, अभ्यासात लक्ष नाही’ असाच पडतो. असे शेरे लिहिलेली प्रगतिपुस्तके घेऊन आलेले पालक मी पाहिले आहेत. तोच शेरा वर्षामागून वर्षे उतरत आलेला असतो.

डोंगरातल्या एका शाळेतल्या बाईंशी या विषयावर माझे पुष्कळ वेळा बोलणे झाले. त्यांना मी एवढीच विनंती केली होती, की मुलाला पाठवताना तो कसा आहे हे लिहू नका, तुम्हाला काय दिसले ते लिहा. या हिवाळ्यात त्यांच्याकडून चौथीतला एक मुलगा आला. सोबतच्या चिठ्ठीत होते: ‘धावायला सांगितल्यावर अर्ध्यात थांबतो व छातीवर हात ठेवतो. थंडीत नडग्या दुखतात म्हणून रडतो. डोळ्यांत पिवळसर झाक दिसते. धाकट्या बहिणीलाही असेच होते, असे सांगतो.’ मी त्याच्या रक्ताची द्रावणीयता चाचणी, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक तपासणी, लावली. नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रक्त निरोगी असेल तर द्रावणातून रेघा स्वच्छ दिसतात. त्याच्या नळीतून त्या दिसल्या नाहीत. पक्क्या तपासणीसाठी नमुना त्याच दिवशी पुढे पाठवला, आणि बाईंना निरोप दिला की धाकट्या बहिणीलाही घेऊन या.